आधी पैसे दाखवा!

परदेशी शिकायला जायला काय लागतं, असं आमच्या टीममध्ये कुणालाही विचारा, उत्तर ठरलेलं आहे. चांगला सीजीपीए, इंग्रजीची परीक्षा, एसओपी, प्रोफेसरांची दोन पत्रं. मग शेवटी कुणीतरी सहज जोडतं, "आणि लोन." जणू ते एटीएममधून निघतं! गंमत म्हणजे ज्यांच्या आईबाबांच्या नावावर पुण्यात फ्लॅट आहे, त्यांच्यासाठी ते जवळपास तसंच निघतं. फ्लॅट तारण, चार सह्या, झालं काम.

मी मूळचा इचलकरंजीचा. माझे वडील तिथे एका सायझिंगमध्ये हिशेब लिहायचे. त्यांच्या ओळखीतल्या एका माग कामगाराची मुलगी टेक्स्टाईल इंजिनिअर झाली आणि तिने जर्मनीत मास्टर्स करायचं ठरवलं. वडील आठ साधे माग चालवतात, आई कांड्या भरते. मजुरी पिकावर, म्हणजे जितकं कापड तितका पैसा. लाईट गेली की मजुरीही गेली. "दादा, फॉर्म बघशील का जरा?" म्हणून तिचा फोन आला आणि २०२४ चे माझे बरेचसे शनिवार-रविवार त्यातच गेले.

मुलगी हुशार. जर्मनीच का, याचं तिचं उत्तर तयार होतं. तिथल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत परदेशी विद्यार्थ्यांनाही शिकवणीची फी नाही. (बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्यात २०१७ पासून आहे, सेमिस्टरला १५०० युरो. म्हणून ते राज्य तिने यादीतून आधीच उडवलं होतं.) प्रवेश मिळाला तो मॉन्शेनग्लाडबाख नावाच्या गावी. या गावाला एके काळी 'ऱ्हाईनकाठचं मँचेस्टर' म्हणायचे. आमच्या इचलकरंजीला महाराष्ट्राचं मँचेस्टर म्हणतात. म्हणजे एका मँचेस्टरमधून दुसऱ्या मँचेस्टरमध्ये, आणि फी शून्य. अजून काय पाहिजे?

पाहिजे होतं बरंच.

नुसता अर्ज करण्याचा खर्च बघा. भारतीय विद्यार्थ्यांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस नावाचं कागदपत्र-पडताळणीचं सर्टिफिकेट सक्तीचं झालं, त्याचे अठरा हजार रुपये. आयईएलटीएसचे तेव्हा सतरा हजारांच्या आसपास होते. अर्ज तपासणाऱ्या संस्थेची फी पहिल्या विद्यापीठासाठी ७५ युरो आणि पुढच्या प्रत्येकासाठी ३०. चार ठिकाणी अर्ज म्हणजे पन्नास हजार गेले. प्रवेश मिळो न मिळो, ते परत येत नाहीत. तिच्या वडिलांची ती तीन महिन्यांची मजुरी.

आणि मग ब्लॉक्ड अकाउंट. व्हिसासाठी वर्षभराच्या राहण्याखाण्याचे पैसे आधीच एका गोठवलेल्या खात्यात भरून दाखवायचे. तेव्हा हा आकडा ११,२०८ युरो होता, म्हणजे दहा लाखांच्या थोडं वर. (सप्टेंबर २०२४ मध्ये तो ११,९०४ झाला.) तिथे पोचल्यावर दर महिन्याला त्यातले ९३४ युरो तुमचे तुम्हालाच मिळायचे.

हे मी तिच्या वडिलांना समजावून सांगत होतो. ते शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, "पैसं आपलंच, परत आपल्यालाच मिळणार. मग आधी दाखवायचं कशाला वो?"

मला उत्तर देता आलं नाही. म्हणजे नियमाचं कारण सांगता येतं, की विद्यार्थी तिथे उघड्यावर पडू नये वगैरे. पण त्यांचा प्रश्न वेगळा होता. ज्याच्याकडे दहा लाख आहेत, त्याला हा खर्चच नाही. एक एफडी मोडून दुसरीकडे ठेवल्यासारखं. ज्याच्याकडे नाहीत, त्याच्यासाठी तीच भिंत. शिक्षण फुकट असून!

बँकेतला प्रसंग तर ऐकण्यासारखा आहे. साहेबांनी फॉर्म बघून विचारलं, "फी किती?" फी नाही. "मग शैक्षणिक कर्ज कशाला?" त्यांच्या फॉर्मचा पायाच फी. विद्यापीठ जेवढं स्वस्त, तेवढं कर्ज अवघड! पुढची अडचण तारणाची. साडेसात लाखांच्या वर गेलं की तारण हवं, आणि यांचं घर गुंठेवारीच्या जागेत, नियमित न झालेलं. तीस वर्षं राहताहेत, घरपट्टी भरताहेत, पण बँकेच्या लेखी ते घर नाहीच. त्यात बँक म्हणते व्हिसा आल्यावर पैसे, आणि व्हिसावाले म्हणतात पैसे दिसल्यावर व्हिसा. आम्ही याला डेडलॉक म्हणतो. कोडमध्ये आला तर आपण निदान एक प्रोसेस मारून टाकू शकतो. इथे कुणाला मारणार?

शिष्यवृत्त्या आहेत की, असं तुम्ही म्हणाल. आहेत, आणि चांगल्या आहेत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची परदेश शिष्यवृत्ती २००३ पासून चालू आहे, इतर प्रवर्गांसाठीही योजना आल्या. पण विद्यापीठ जागतिक रँकिंगमध्ये ठरावीक क्रमांकाच्या आत हवं, ही त्यातली मोठी अट. कापड विणण्यात पिढ्यान् पिढ्या मुरलेल्या गावातलं उपयोजित विद्यापीठ त्या यादीत नसतं.

शाहू महाराजांचं नाव आलंच आहे तर सांगतो. १९०१ पासून त्यांनी कोल्हापुरात एकेका समाजातल्या मुलांसाठी वसतिगृहं उभी करायला मदत केली. शाळा-कॉलेज आहे म्हणून खेड्यातला पोरगा शिकतो असं नाही, तो राहणार कुठे आणि जेवणार काय, हे त्यांनी ओळखलं होतं. सव्वाशे वर्षांनी मॉन्शेनग्लाडबाखला अडलेली गोष्ट तीच. आणि बाबासाहेब आंबेडकर? १९१३ मध्ये बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियाला गेले, तिथून १९१६ मध्ये लंडनला. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि शिक्षण अर्धवट टाकून परतावं लागलं. मुंबईत सिडनहॅम कॉलेजात शिकवून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, एका मित्राने उसने दिले, तेव्हा १९२० मध्ये पुन्हा लंडन गाठता आलं. एवढ्या तोलाच्या माणसाची तीन वर्षं पैशाची वाट बघण्यात गेली.

तर मंडळी, पुढे काय झालं ते सांगतो. वकिलातीच्या संकेतस्थळावरची खर्चाची माहिती छापून नेली, तीन खेपा घातल्या, शेवटी तारणाशिवाय साडेसात लाख मंजूर झाले. व्हिसा नाकारला तर गोठवलेले पैसे थेट कर्जखात्यात परत, या अटीवर बँकेने व्हिसाआधी पैसे सोडले. जामीन मी राहिलो. (कुणाला जामीन राहू नये, हे आमच्या घरातलं पहिलं सुभाषित. वडिलांनी ते पुन्हा एकदा म्हणून दाखवलं आणि मग मला गाडीने बँकेत सोडलं.) उरलेले, विमानाचं तिकीट आणि तिथल्या खोलीचं डिपॉझिट धरून, चार लाख. आईच्या बचत गटातून साठ हजार. ऑफिसातल्या आम्ही सहा जणांनी मिळून दोन लाख चाळीस, बिनव्याजी, एक्सेल शीटसकट. आणि एक लाख वडिलांनी मालकाकडून उचल घेतली.

इचलकरंजीच्या माणसाला उचल म्हणजे काय ते सांगायला लागत नाही. ती फिटेपर्यंत खातं बदलता येत नाही. शेजारी पिकाला दोन पैसे जास्त मिळत असले तरी नाही. मालकाशी वाजलं तरी नाही. पन्नाशीतल्या माणसाने मुलीच्या व्हिसासाठी स्वतःला गहाण ठेवलं होतं, आणि व्हिसा येईल याची खात्री कुणालाच नव्हती. ते सहा आठवडे मी त्यांना फोन करायचं टाळत नव्हतो, पण बोलायला विषय नसायचा. पाऊस कसा आहे, लाईट आहे का, एवढंच.

व्हिसा आला. सप्टेंबर २०२४ मध्ये ती गेली.

सांगायचं एवढंच, की 'किती लागतात' हा प्रश्न आपण सगळे विचारतो. 'कधी लागतात' हा कुणी विचारत नाही. तिला दान नको होतं, कुणी पैसे बुडतील असंही नव्हतं. ठरावीक तारखेला रक्कम हातात हवी होती, आणि कुणाची तरी सही. आपल्यापैकी बऱ्याच जणांच्या सेव्हिंग खात्यात चाळीस हजार वर्षभर नुसते पडून असतात. ओळखीत अशी पोरगी-पोरगा असेल तर परीक्षेची फी भरायच्या महिन्यात विचारा. कौतुक नंतर करता येतं.

तिला तिथे दुसऱ्या सेमिस्टरपासून कापड तपासणीच्या लॅबमध्ये अर्धवेळ काम मिळालं. तिने एक्सेल शीटमधला परतफेडीचा क्रम स्वतःच बदलून पाठवला. पहिली वडिलांची उचल. मग आईचा बचत गट. मग बँकेचं व्याज. आम्ही सहा जण सगळ्यात खाली, आणि त्यातही माझं नाव शेवटचं.

क्रम अगदी बरोबर आहे.