पळून जाणे आणि परत येणे

पळून जाणाऱ्या मनुष्याची गोष्ट सर्वांनाच आवडते. तुरुंगाची भिंत, रात्रीचा अंधार, मागे पाठलाग आणि पुढे अनोळखी वाट, एवढे असले की लहानथोर जागचे हलत नाहीत. २०२५ साली ‘इन्स्पेक्टर झेंडे’ हा चित्रपट नेटफ्लिक्सवर आला, तेव्हा आमच्या पेडणे तालुक्यातील पुष्कळ घरी तो टीव्हीसमोर बसून पाहिला गेला. त्यात कैद्याचे नाव बदलले आहे; तथापि मूळ घटनेचा शेवट आपल्या गोव्याच्या भूमीवर झाला, हे वडीलधाऱ्यांस स्मरत असेल.

चार्ल्स सोभराज हा प्रवाशांशी मैत्री जोडून, त्यांना गुंगीचे औषध देऊन लुबाडणारा गुन्हेगार. १६ मार्च १९८६ रोजी वाढदिवसाचे निमित्त सांगून त्याने दिल्लीच्या तिहार तुरुंगातील पहारेकऱ्यांना औषध मिसळलेली मिठाई खाऊ घातली व तो बाहेर पडला. तीन आठवड्यांनी, ६ एप्रिल रोजी, पर्वरीच्या ‘ओ कोकेरो’ या उपाहारगृहात मुंबई पोलिसांचे मधुकर झेंडे यांनी त्यास पकडले. योगायोग असा की, त्याचा खरा जन्मदिवस तोच होता! पुढे २००४ साली नेपाळच्या न्यायालयाने एका अमेरिकन तरुणीच्या खुनाबद्दल त्यास जन्मठेप दिली. २०२२ साली तो सुटला. पर्वरीच्या त्या उपाहारगृहात नंतर त्याचा पुतळाही बसविण्यात आला. त्या तरुणीचे नाव मात्र आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे?

धर्मशिक्षणाच्या वर्गातील एका मुलाने मला विचारले, “फादर, तो वाईट आहे हे कळते, तरी तो सापडू नये असे का वाटते?”

प्रश्न प्रामाणिक होता. मी त्यास म्हणालो, “बाळ, पडदा आपणांस पळणाऱ्याच्या पावलाने चालवितो. त्याची धाप आपण ऐकतो. ज्यांचे घर त्याने उजाड केले त्यांचे रडणे ऐकत नाही.” दुसरेही एक कारण आहे, ते मोठ्यांसाठी सांगतो. आपणां प्रत्येकास कशापासून तरी निसटावयाचे असते. कोणास कर्जापासून, कोणास भावकीच्या तंट्यापासून, कोणास दिलेल्या शब्दापासून. म्हणून पळणारा आपणांस आपलासा वाटतो.

भिंत ओलांडण्याची कथा अशी सर्वतोमुखी होते. भिंतच नसताना न पळालेल्यांची कथा मात्र थोड्यांस ठाऊक असते. १९३० च्या दशकाच्या अखेरीस औंध संस्थानात, राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांच्या कारकिर्दीत, आटपाडीजवळ स्वतंत्रपूर नावाची खुली वसाहत वसविण्यात आली. पोलंडहून आलेले अभियंते मॉरिस फ्रीडमन यांची ती कल्पना. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेले कैदी तेथे शेती करीत व आपल्या बायकामुलांसह राहत. पळून जाणे मुळीच कठीण नव्हते. त्यांस बांधून ठेवी तो कोणी तरी टाकलेला विश्वास. याच प्रयोगावरून व्ही. शांताराम यांनी १९५७ साली ‘दो आँखें बारह हाथ’ हा चित्रपट काढला. त्याची कथा ग. दि. माडगूळकरांची. १९५८ साली बर्लिनच्या महोत्सवात त्यास रौप्य अस्वल मिळाले, आणि आंतरराष्ट्रीय कॅथोलिक चित्रपट संस्थेनेही त्यास गौरविले.

आता आपल्या दाराशी येऊ. पेडण्याहून म्हापशास जाताना शापोरा नदीवरील पूल ओलांडला की कोलवाळ लागते. २०१५ सालापासून गोव्याचे मध्यवर्ती कारागृह तेथे आहे. आमच्या भागातील एक तरुण तेथे शिक्षा भोगीत होता. एकदा तो थोड्या दिवसांच्या रजेवर घरी आला. परत जाण्याच्या सकाळी त्याच्या आईने कपड्यांची पिशवी भरली आणि ती त्याच्याबरोबर बसथांब्यापर्यंत चालत गेली. पहारेकरी नव्हता, बेडी नव्हती. तो आपल्या पायांनी परत गेला. कोणत्याही चित्रपटाने असा प्रसंग दाखविला, तर प्रेक्षक कंटाळून उठतील. परंतु त्या सकाळी मी जे धैर्य पाहिले ते भिंत चढणाऱ्यांत नसते.

शिक्षा पुरी करून तो आता घरी आला आहे. पडद्यावरील कैद्यासाठी जीव टाकणारी आपली मुले त्यास पाहून वाट बदलतात. आई म्हणाली, “फादर, तिथे मी भेटायला तरी जात होते. इथे त्याला कोणी भेटत नाही.” बंदिवानांस भेटणे हे दयेच्या कृत्यांपैकी एक, असे आपण लहानपणी पाठ केले. सुटून आलेल्यास भेटणे त्यात येत नाही काय?

ज्या कुटुंबाचे त्याच्या हातून नुकसान झाले, त्यांच्या घरीही मी जातो. त्यांनी क्षमा करावी, अशी घाई मी त्यांस करीत नाही. तो त्यांचा व देवाचा प्रश्न आहे. परंतु बाकीच्या आपणांस तसे काय कारण आहे?

त्याच्या अनुमतीनेच हे लिहीत आहे. त्यास कौलांचे काम उत्तम येते. पावसापूर्वी ज्यांस घरावरील कौले परतून घ्यावयाची असतील, त्यांनी त्यास बोलवावे, इतरांइतकीच मजुरी द्यावी, आणि दुपारी जेवावयास आपल्याबरोबर घरात बसवावे.