सहा नंबरचा चेंडू

नागपूरला सीताबर्डीवरच्या खेळाच्या दुकानात मी स्मृतिचिन्ह बघायला गेले होते. लाकडी पाटीवर पितळी मशाल, काचेत कोरलेला धावपटू, असलं काहीतरी. काउंटरमागे जाळीत चेंडू टांगलेले होते. पंखा तिकडे वळला आणि नव्या रबराचा वास आला. ओळखीचाच, पण त्यात काहीतरी कमी. काय कमी, ते पटकन सुचेना. मग आठवलं: यात मोह नाही.

आमच्या चेंडूला मोहफुलांचा वास यायचा.

पितळी मशाल खाली ठेवली आणि म्हटलं, चेंडू दाखवा. दुकानदाराने विचारलं, "मुलांसाठी की मुलींसाठी?" मला वाटलं, रंगाचं विचारतोय. "रंगाचं नाही मॅडम. मुलींचा सहा नंबर, मुलांचा सात." सहा नंबर परिघाला इंचभर कमी, वजनाला पन्नास-साठ ग्रॅम हलका. त्याने दोन्ही माझ्या हातांत दिले. मी तशीच उभी. पन्नाशी ओलांडली तरी मला हे ठाऊक नव्हतं. आणि ताईला ठाऊक असतं, तर तिने सांगितलं असतं.

ताई म्हणजे माझी आत्येबहीण. आत्या आरमोरीला आमच्याच घरी राहायची, त्यामुळे ताई घरचीच. आमच्या गावात तिच्याइतका चांगला बास्केटबॉल कुणी खेळलं नाही, असं मी सगळ्यांना सांगत आले. त्या काळी आमच्या गावात बास्केटबॉल खेळणारेच किती होते, हे मी सांगत नाही. येत्या २९ ऑगस्टला, क्रीडा दिनी, गावातले जुने विद्यार्थी तिचा सत्कार करणार आहेत. मानपत्र लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मी "लिहिणारी". फोनवर सांगण्यात आलं, "दीड पान पुरे. पण कारकिर्दीतली ठळक कामगिरी आली पाहिजे."

ठळक कामगिरी.

मला दरवेळी टोपलीच आठवते. १९८२ चा उन्हाळा असावा. चंद्रपूरचे दोन भाग होऊन गडचिरोली जिल्हा झाला तो त्याच वर्षीच्या ऑगस्टात, म्हणजे आम्ही अजून चंद्रपूरवालेच होतो. शाळेत एक खांब, एक फळी, एक कडं आणि एकच चेंडू. तो मुलांचा. सर अमरावतीला हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकून आलेले. शनिवारी शाळा सुटली की मुलांचा खेळ संपेपर्यंत ताई खांबाशी उभी राहायची. मग सर चेंडू तिच्या हवाली करायचे. सोमवारच्या प्रार्थनेआधी तो परत आला पाहिजे, या बोलीवर. घरी कडं कुठलं? तिने आजीची बुरडाकडची टोपली उचलली आणि मागच्या चिंचेच्या फांदीला सुतळीने बांधली. उंची सरांनी सांगितली होती, दहा फूट. आत्याने हाताने मोजून दिली: पावणेसात हात. चेंडू टाकायची रेघ टोपलीपासून पंधरा फुटांवर, ते मात्र बरोबर दहा हात. आत्याला त्याचं फार समाधान वाटलं. सरकारी फूट आणि आपला हात कुठेतरी जुळले म्हणून असेल.

टोपलीला बूड होतं. बूड कापायचं नाही, अशी आजीची ताकीद होती. मोह वेचायला तिला तीच टोपली लागायची. त्यामुळे चेंडू आत पडला की आतच. तो काढायला कुणीतरी फांदीवर हवं, आणि आठ वर्षांची मी वजनाला हलकी. शनिवारची संध्याकाळ आणि सबंध रविवार मी चिंचेवर. ताई टाकायची, मी काढून खाली द्यायची. ती म्हणायची, "दे", मी द्यायची. वरून मला तिचा चेहरा दिसायचा नाही. दिसायची भांगाची रेघ आणि दोन हात. चेंडू सुटल्यावर उजव्या हाताचा पंजा मनगटातून खाली लोंबायचा, ओल्या फडक्यासारखा. तो पंजा तसा लोंबला, की चेंडू टोपलीत येणार हे मला आधीच कळायचं. मी पाय आवरून घ्यायची.

बास्केटबॉलमधली माझी कारकीर्द एवढीच.

पुढे कधीतरी वाचलं की या खेळाची सुरुवातही अशीच झाली होती. डिसेंबर १८९१, अमेरिकेतलं स्प्रिंगफिल्ड. नायस्मिथ नावाच्या मास्तराला हिवाळ्यात पोरांना छपराखाली दमवायचं होतं. त्याने खोकी मागितली, शिपायाने पीचच्या टोपल्या आणून दिल्या. त्यांनाही बूड होतं. चेंडू काढायला शिडी लागायची. वर्षभरात सेंडा बेरेन्सन या शिक्षिकेने स्मिथ कॉलेजच्या मुलींना हा खेळ शिकवला. पण मुली फार धावल्या तर त्यांना झेपणार नाही, या समजुतीने मैदानाचे तीन भाग पाडले. जिला जो भाग मिळेल तिने त्यातच खेळायचं, रेघ ओलांडायची नाही. आयोवा राज्यात तर मैदान दोन भागांत वाटून सहा-सहा मुलींनी खेळायचा प्रकार १९९३ पर्यंत टिकला. आता हे आठवलं तेव्हा मानपत्रात घालायला एक झकास वाक्य सुचलं: ताईची रेघ म्हणजे वैनगंगा, लग्न करून ती पलीकडे ब्रह्मपुरी तालुक्यात गेली, वगैरे. नंतर खोडलं. ताईला वाचून दाखवलं असतं तर ती म्हणाली असती, नदीवर पूल आहे ना.

मार्च सरता सरता मोह गळायला लागायचा. मग टोपली चिंचेवरून उतरायची आणि पहाटे आजीबरोबर जंगलात जायची. दोन-तीन आठवडे सराव बंद. सगळा मोह वाळून व्यापाऱ्याकडे गेला की टोपली परत फांदीवर चढायची, पण आता तिला तो गोड, जड, किंचित आंबूस वास असायचा आणि चेंडूही तोच वास घ्यायचा. सोमवारी चेंडू शाळेत गेला की मुलं नाक वाकडं करायची. एकाने तर चेंडूला दारू चढल्याचं जाहीर केलं.

ताई पुढे कॉलेजात गेली. गोंडवाना विद्यापीठ २०११ चं. तेव्हा आमची कॉलेजं नागपूर विद्यापीठात होती. निवड चाचणीला ती आत्याच्या भावाबरोबर, म्हणजे माझ्या बाबांबरोबर, लाल एसटीने नागपूरला गेली आणि निवडून आली. आंतरविद्यापीठ स्पर्धा राजस्थानात होती. आमच्या घरातून इतक्या लांब तोवर फक्त काशीला जाऊन आलेले होते. ताई शेवटच्या सामन्यात शेवटची चार मिनिटं उतरली. कुणीतरी तिला धक्का दिला, दोन फ्री थ्रो मिळाले. पहिला गेला. दुसरा कड्यावर फिरून बाहेर आला.

एक पॉइंट.

विद्यापीठाचा गडद निळा कोट मिळाला. पुढच्या वर्षी लग्न.

ल्युसिया हॅरिस नावाची एक खेळाडू होती, मिसिसिपीची. घरचे कापसाच्या शेतात राबणारे. १९७६ च्या मॉन्ट्रियल ऑलिम्पिकमध्ये महिलांचा बास्केटबॉल पहिल्यांदा आला आणि त्यातली पहिली बास्केट तिने केली. पुढच्याच वर्षी पुरुषांच्या व्यावसायिक लीगमधल्या न्यू ऑर्लिन्सच्या संघाने तिची निवड केली. ती गेली नाही. ही गोष्ट इथे कशाला, असं कुणी विचारील. मलाही नीट सांगता येणार नाही. कापूस वेचणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्यात, म्हणून असेल.

सत्कार या प्रकाराशी माझं जुनं वैर आहे. पत्रिका बघा: अध्यक्ष, उद्घाटक, प्रमुख अतिथी, विशेष उपस्थिती, स्वागतोत्सुक, आणि सगळ्यांत खाली, प्रेसचा पत्ता येतो त्याच्या वर, सत्कारमूर्ती. झाडीपट्टीच्या नाटकांची पोस्टरंही तशीच. भाऊबीजेपासून होळीपर्यंत आमचं माणूस रात्र रात्र जागून नाटक बघतं, पण पोस्टरवर मोठा फोटो मुंबई-पुण्याच्या पाहुणीचा. बाहेरून आलेलं किंवा बाहेर जाऊन आलेलं, त्यालाच किंमत. जाऊन आलेल्यांचा मान मी नाकारत नाही. २०१८ च्या मे महिन्यात चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच मुलं एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचली, त्यांत मुलगी एकच, मनीषा धुर्वे. तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले होते. तिचं मानपत्र लिहिणाऱ्याला मात्र सोपं गेलं असणार. ८,८४८ मीटर, एवढं लिहिलं की झालं. माझ्याकडचा आकडा एक.

हांगझोऊच्या आशियाई स्पर्धा २०२३ मध्ये झाल्या, तेव्हा मी ताईकडे होते. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवून आम्ही भारताच्या मुलींचा सामना बघितला. कर्णधार पुण्याची शिरीन लिमये. ती मराठी आहे, हे कळल्यावर ताई सरसावून बसली. मी माहिती पुरवली: २०१७ मध्ये बंगळुरूला आशिया चषकाच्या 'ब' गटाच्या अंतिम सामन्यात आपण कझाकस्तानला ७५-७३ ने हरवून वरच्या गटात गेलो, त्या संघातही ही होती. ताईने बाकी सगळं सोडून दिलं. "दोन पॉइंटनं? म्हणजे दोन फ्री थ्रो." मग ती फक्त फ्री थ्रोच बघत राहिली. धावाधाव चालू असली की तांदूळ निवडायची; कुणी रेघेवर उभी राहिली की हात थांबायचे, चेंडू सुटेपर्यंत श्वासही. आपण इंडोनेशियाला आणि मंगोलियाला हरवलं, उपांत्यपूर्व फेरीत उत्तर कोरियाकडून हरलो. ताई शिरीनबद्दल म्हणाली, "पोरीचा हात सुटा हाय." तिच्याकडून याहून मोठं मानपत्र मी ऐकलेलं नाही. पुण्याला कळवायला हवं होतं.

तर मी सहा नंबरचा चेंडू घेतला आणि ताईच्या गावी गेले. भाताचा रोवणा चालू होता. गोसेखुर्द धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी होती, नदी काठोकाठ, पण रस्ता अजून सुरू होता. घरी कुणी नव्हतं. बांधीकडे गेले. दहा-बारा बाया चिखलात वाकून रोवत होत्या आणि ताई धुऱ्यावर उभी राहून पऱ्ह्यांच्या पेंड्या फेकत होती. सत्तावन्न वर्षांची, गुडघ्याला पट्टा, डोक्यावर प्लास्टिकचं पोतं. पेंडी कुणाच्या अंगावर पडायची नाही, लांबही नाही. रोवणारणीच्या उजव्या हाताला, वीतभर अंतरावर, मुळं खाली. बाया वर बघतही नव्हत्या. हात मागे न्यायचे आणि पेंडी तिथे असायची. मी पेंडीकडे बघणं सोडून ताईच्या पंजाकडे बघायला लागले. प्रत्येक पेंडी सुटल्यावर तो मनगटातून खाली लोंबत होता.

जेवायला बाया धुऱ्यावर बसल्या तेव्हा मी मानपत्राचा विषय काढला. "मी कायले येतो तिथं?" ताई म्हणाली. मग डबा उघडता उघडता, "कोट होत नाई आता मले." आणि चटणी-भाकर अर्धी झाल्यावर, "लिहितेसच तं दुसरा हुकला, तेई लिही. नाईतर लोक म्हनतील दोन केले."

मी पिशवीतून चेंडू काढला. सहा-सात नंबरची भानगड सांगितली. अमेरिकेतल्या कॉलेजांत हा लहान चेंडू मुलींसाठी १९८४ च्या सुमारासच आला होता, हेही सांगितलं. म्हणजे ती आपली मोठाच टाकत होती तेव्हा. मला वाटलं, ती चिडेल. मी तर दुकानापासून चिडलेली होते. तिने लुगड्याला हात पुसले, चेंडू घेतला, दोन्ही तळव्यांत फिरवला. नाकाशी नेला. काही बोलली नाही. मग उभी राहिली, पट्टा बांधलेला गुडघा जरासा वाकवला आणि पलीकडच्या धुऱ्यावरच्या पळसाच्या बेचक्यावर नेम धरला.

चेंडू बेचक्याच्या हातभर वरून गेला आणि पलीकडच्या बांधीत, पाण्यात पडला. बाया हसल्या.

"हलका हाय," ताई म्हणाली. मग माझ्याकडे बघून, "दे."

मी चपला काढल्या.