रिकामी न झालेली जागा

ज्या खेळात चेंडूला पाय लागण्याचा प्रसंग क्वचितच येतो, त्याला अमेरिकन लोक फुटबॉल का म्हणतात हे कोडे मला अजून उलगडलेले नाही. वीस वर्षे मराठी शिकवणाऱ्या माणसाला असल्या गोष्टी फार टोचतात. चेंडूही कसला, तर दोन्ही टोकांना निमुळता, सोललेल्या नारळासारखा! तो बगलेत मारून धावायचे, नाहीतर लांब फेकायचा, आणि समोरच्या अकरा धिप्पाड गड्यांनी फेकणाऱ्याला उताणे पाडायचे. खेळ पाच-सहा सेकंदांचा आणि त्यानंतरची मसलत अर्ध्या मिनिटाची!

तरीही या खेळातल्या एका गोष्टीने मला वेड लावले आहे, आणि मौज अशी, की तिथे चेंडूच नसतो. ती म्हणजे त्यांचा ‘ड्राफ्ट’. कॉलेजातून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची व्यावसायिक संघांत होणारी वाटणी.

२०२३ च्या उन्हाळ्याच्या सुटीत मी भाच्याकडे मिलवॉकीला गेलो होतो. तिथून दोनएक तासांच्या वाटेवर ग्रीन बे नावाचे गाव आहे. वस्ती लाखभराची, पण त्या गावचा ‘पॅकर्स’ हा संघ देशातल्या ३२ संघांत मानाने मिरवतो. त्याला कोणी एक धनी नाही. पाच लाखांहून अधिक भागधारक आहेत. त्या भागावर नफा मिळत नाही, तो बाजारात विकताही येत नाही. चौकटीत घालून भिंतीवर लावायचा, एवढाच त्याचा उपयोग. २०२१ साली अशा भागांची विक्री निघाली तेव्हा आमच्या भाच्यानेही तीनशे डॉलर मोजून एक घेतला. त्या चौकटीशेजारी त्याने एक मोठा तक्ता चिकटवला होता. एका रकान्यात मैदानावरची जागा, दुसऱ्यात खेळाडूचे नाव, मग त्याचे वय, मग करार संपण्याचे साल, आणि पुढे २०२४, २०२५, २०२६ असे रिकामे रकाने.

“हे काय रे, घराच्या हप्त्यांचा हिशेब का?” मी विचारले.

“नाही हो मामा,” तो म्हणाला, “हे पॅकर्सचं पंचांग. तुम्ही फक्त सण कधी ते बघता, मी ग्रहण कधी ते बघतो.”

ड्राफ्टची पद्धत सांगायला सोपी आहे. दर वर्षी एप्रिलच्या अखेरीस तीन दिवसांत सात फेऱ्या होतात. गेल्या हंगामात जो संघ तळाला गेला त्याने प्रत्येक फेरीत पहिली निवड करायची आणि जो अजिंक्य ठरला त्याने शेवटची. फिलाडेल्फियाच्या बर्ट बेल यांनी १९३५ साली ही सूचना मांडली. श्रीमंत संघ चांगली पोरे उचलून नेत आणि गरिबांच्या वाट्याला उरलेली येत, त्यावर हा तोडगा. पहिला ड्राफ्ट १९३६ च्या फेब्रुवारीत फिलाडेल्फियातल्या एका हॉटेलात झाला, तेव्हा संघ होते नऊ. पहिले नाव पुकारले गेले ते शिकागो विद्यापीठाच्या जे बर्वँगरचे. आणि हा पठ्ठ्या एकही व्यावसायिक सामना न खेळता दुसऱ्या धंद्यात शिरला! पंचांग पाहून मुहूर्त काढावा आणि नवरदेवानेच मांडवात येऊ नये, तशी गत.

मला वाटत होते, की संघात जिथे भोक पडले असेल तिथे ठिगळ लावायचे, झाली निवड. भाचा हसला. म्हणाला, “ठिगळ लावायचं तर अनुभवी माणूस विकत आणावा. कॉलेजातलं पोर आज घ्यायचं ते परवासाठी.” मग त्याने मला हिशेब समजावला. संघात माणसे ५३. चढाईचे अकरा आणि बचावाचे अकरा मुख्य, बाकीचे राखीव. १९९४ पासून सर्व खेळाडूंच्या पगाराला मर्यादा आहे. २०२३ साली ती प्रत्येक संघाला २२ कोटी ४८ लाख डॉलर होती. ड्राफ्टमधून आलेल्या मुलाचा करार चार वर्षांचा, त्याचा पगार नेमका ठरलेला आणि मुरलेल्या खेळाडूच्या मानाने पुष्कळ कमी. पहिल्या फेरीतल्या मुलाला संघाच्या मर्जीने पाचवे वर्ष. म्हणजे आज जो तरणाबांड स्वस्तात खेळतो आहे तो चार वर्षांनी महाग होणार, हे आजच ठाऊक असते. सगळेच महाग झाले तर सगळ्यांना ठेवता येणार नाही. कोणाला सोडायचे आणि त्याच्या जागी कोण, हे त्याच्या भरभराटीच्या काळातच ठरवायला हवे. एप्रिलमध्ये घरातल्या बायका कैऱ्या आणून लोणचे घालतात, तेव्हा मागच्या वर्षीची बरणी काही रिकामी झालेली नसते.

पुढे पुढे तर हे लोक अजून न आलेल्या वर्षांच्या निवडींचीही देवघेव करू लागले. १९८९ साली डॅलस संघाने आपला सर्वांत गाजलेला खेळाडू हर्शेल वॉकर मिनेसोटाला दिला आणि बदल्यात काही खेळाडू व पुढच्या वर्षांच्या निवडींची रास घेतली. त्या हंगामात डॅलसने सोळांपैकी एकच सामना जिंकला. पण त्याच निवडींतून उभ्या राहिलेल्या संघाने १९९२, १९९३ आणि १९९५ या तीन हंगामांची अजिंक्यपदे घरी आणली. उभ्या पिकाचे पैसे करून पुढच्या तीन वर्षांचे बियाणे घेण्याचा हा व्यवहार. छाती हवी खरी!

इथपर्यंत मला हा सारा बुद्धीचा खेळ वाटत होता. त्यातले काळजाचे दुखणे कळले ते पॅकर्सची कथा ऐकल्यावर.

या खेळात क्वार्टरबॅक नावाची एक जागा असते. चेंडू त्याच्या हाती येतो, फेकायचा कुठे हे तो ठरवतो. इतर जागांवर आलटून पालटून माणसे खेळतात. ही जागा मात्र एकाचीच. दुसरा असतो तो बाकावर बसून पाहतो. पॅकर्सकडे या जागेवर ब्रेट फार्व्ह होता, गावाचा लाडका. २००५ साली तो ३५ वर्षांचा होता आणि उत्तम खेळत होता. त्या एप्रिलमध्ये आरन रॉजर्स नावाचा २१ वर्षांचा मुलगा आपले नाव पहिले येईल या आशेने ड्राफ्टला येऊन बसला. पहिले नाव आले ॲलेक्स स्मिथचे. मग एकामागून एक पोरे उठून गेली, हा दूरचित्रवाणीच्या झोतात बसून राहिला. चोविसाव्या निवडीला पॅकर्सने त्याला उचलले, जागा रिकामी नसताना! तीन हंगाम तो बाकावर बसला. २००८ च्या मार्चमध्ये फार्व्हने डोळ्यांत पाणी आणून निवृत्ती जाहीर केली, उन्हाळ्यात ती मागे घेतली. पण तोवर संघाचे मन ठरले होते. फार्व्हची पाठवणी न्यू यॉर्क जेट्सकडे झाली. गाव दुभंगले. २०११ च्या फेब्रुवारीत त्याच रॉजर्सने अजिंक्यपद आणले, तेव्हा कुठे ते सांधले.

गोष्ट इथे संपती तर तिचा बोधपाठ झाला असता. पण २०२० उजाडले. आता रॉजर्स ३६ वर्षांचा. आदल्या हंगामात संघ अंतिम सामन्यापासून एका पावलावर अडला होता. चेंडू झेलणारा एखादा चपळ गडी घ्या, म्हणून गाव ओरडत होते. संघाने चौथ्या फेरीतली एक निवड जादा देऊन सव्विसावा क्रमांक मिळवला आणि घेतला जॉर्डन लव्ह. आणखी एक क्वार्टरबॅक! जो स्वतः दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत आला होता, त्याच्या डोळ्यांदेखत आता तिसरा आला. आणि रॉजर्सने काय करावे? त्या हंगामात आणि त्याच्या पुढच्याही हंगामात तो सर्वोत्कृष्ट खेळाडू ठरला. तीन वर्षांनी, मी जाण्याच्या महिनाभर आधी, त्याचीही पाठवणी झाली. कुठे? त्याच न्यू यॉर्क जेट्सकडे.

भाच्याच्या शेजारी एक वृद्ध गृहस्थ राहत. रॉजर्सचा १२ क्रमांकाचा सदरा त्यांनी धुऊन अंगणातल्या दोरीवर वाळत घातला होता. भाच्याने विचारले, “आता हा ठेवून देणार का?” ते म्हणाले, “फार्व्हचाही अजून कपाटात आहे. कपाट मोठं आहे.” मला त्या म्हाताऱ्याचे फार कौतुक वाटले. पुढे सप्टेंबरात नव्या संघाकडून खेळताना चौथ्याच डावाला रॉजर्सच्या टाचेची शीर तुटली आणि त्याचा हंगाम संपला. इकडे लव्हने पॅकर्सला बाद फेरीत नेले आणि जानेवारीत डॅलसला त्यांच्याच मैदानावर हरवले. तक्ता खरा ठरला.

पण तक्ता नेहमीच खरा ठरतो असे नाही. न्यू इंग्लंड संघाने २०१४ साली टॉम ब्रेडीच्या मागे जिमी गॅरोपोलोला आणून बसवले. ब्रेडी तेव्हा ३६ चा. हिशेब अगदी शहाण्या माणसाचा होता; चूक एवढीच, की ब्रेडी म्हातारा व्हायलाच तयार नव्हता! गॅरोपोलोचा चार वर्षांचा करार संपत आला, तरी म्हातारबुवा अजिंक्यपदे आणीतच होते. शेवटी २०१७ च्या ऑक्टोबरात दुसऱ्या फेरीतल्या एका निवडीच्या बदल्यात संघाने त्या तरुणाला सोडून दिले. ब्रेडीने त्यानंतर आणखी दोन अजिंक्यपदे मिळवली, त्यातले शेवटचे दुसऱ्याच संघाकडून आणि वयाच्या ४३ व्या वर्षी. वय आणि कराराचे साल रकान्यात मांडता येते. माणसात उरलेले तेल किती, हे मांडायला अजून रकाना सापडलेला नाही.

आणि आता मला सर्वांत आवडलेली गोष्ट. २००५ साली रॉजर्सच्या आधी ज्याचे नाव पहिले पुकारले गेले तो ॲलेक्स स्मिथ आठवतो ना? २०१७ साली तो कॅन्सस सिटीत होता. बत्तिशीचा, संघ चांगला चाललेला. त्या संघाने पुढच्या वर्षाची पहिली निवडसुद्धा देऊन टाकून दहाव्या क्रमांकावर उडी मारली आणि पॅट्रिक महोम्सला घेतले. कोणासाठी, हे स्मिथला सांगावे लागले नसेल. तो हंगाम स्मिथच्या कारकिर्दीतला उत्तमांपैकी एक ठरला. आणि सामन्याची तयारी कशी करावी, समोरच्याचा डाव कसा वाचावा, हे तो शेजारी बसलेल्या पोराला दाखवीत राहिला. महोम्सने हे पुढे अनेकदा जाहीरपणे सांगितले आहे. हंगाम संपल्यावर स्मिथला वॉशिंग्टनला धाडण्यात आले; महोम्सने दोन वर्षांत अजिंक्यपद जिंकले. ड्राफ्टच्या खोलीत बसलेल्या शहाण्यांनी माणूस अचूक निवडला, हे खरे; पण त्यांची योजना पार पडली ती ज्याला जायचे होते त्याच्या चांगुलपणावर, आणि तो काही कोणी विकत घेतलेला नव्हता.

मला माझी आई आठवली. माझे लग्न झाले त्या वर्षीची दिवाळी. आईचे अनारसे आमच्या आळीत नावाजलेले, तिचा हातही चांगला चालत होता. तरी तिने कढई सुनेपुढे सरकवली आणि आपण पाटावर बाजूला बसली. पहिला घाणा तुपात हसला. पाहुणे बाहेर बसलेले. आई उठली नाही. “पिठाला अजून एक दिवस हवा होता,” एवढेच म्हणाली. पुढची कितीतरी वर्षे ती धडधाकट होती. पण अनारशाची कढई तिने पुन्हा हाती घेतली नाही. जागा रिकामी होण्याआधी ती देऊन टाकायला काय लागत असेल, याचा विचार मी त्या वेळी केला नव्हता. केला तो मिलवॉकीला, त्या तक्त्यासमोर उभा राहून.

आणखी एक गोष्ट तिथेच मनात आली. लव्ह तीन वर्षे बसून राहिला, पण त्याचे बसणे कोणीतरी आखलेले होते. करार होता, पगार होता, मसलतीत खुर्ची होती, आणि समोरचा आज ना उद्या जाणार हे सर्वांना ठाऊक होते. आमच्या पेशातली तरुण मुलेही थांबलेली आहेत. तासिका तत्त्वावर शिकवतात, जूनमध्ये येतात, एप्रिलमध्ये घरी जातात, पुन्हा जूनमध्ये अर्ज करतात. पुढच्या कोणत्याच रकान्यात त्यांचे नाव नसते. थांबायला लावणे आणि ताटकळत ठेवणे यांत फरक आहे. पहिल्यात माणूस तयार होतो, दुसऱ्यात नुसता वयाने वाढतो.

आमच्या विभागात असा एक मुलगा आहे. मुलगा म्हणायचे, पस्तिशी उलटली आहे त्याची. मला निवृत्त व्हायला अजून बरीच वर्षे आहेत, आणि ज्ञानेश्वरीचा पेपर गेली अठरा वर्षे माझा आहे. माझ्याइतका तो कोणाला जमत नाही, असे विद्यार्थी म्हणतात आणि मी ते खोडून काढीत नाही. यंदा जूनमध्ये वेळापत्रक लावण्याचे काम माझ्याकडे आले. मी तो पेपर त्याच्या नावापुढे लिहिला. त्याने कागद दोनदा वाचला आणि विचारले, “सर, तुम्ही रजेवर जाणार आहात का?”

“नाही,” मी म्हणालो, “मी इथेच आहे.”

त्याला नोकरी देणे माझ्या हातात नाही. विषय देणे होते. त्याचा तास चालू असतो तेव्हा मी शेजारच्या खोलीत वह्या तपासत बसतो. मधली भिंत पातळ आहे. मी जिथे झरझर पुढे जात असे तिथे तो थांबतो, आणि जिथे मी रेंगाळत असे तिथून निघून जातो. पहिले काही दिवस लाल पेन हातातच राहत असे. हल्ली वह्याही तपासून होतात.