गुरुवारचा वर्ग

१२ जून, गुरुवार
नगरच्या सावेडीतल्या घरी आज बायबल वर्गाला बसायला जागा उरली नाही. उंबऱ्याबाहेर चपलांचा ढीग बघून पाळकसाहेब खूश. बोललो मात्र दोघंच : मी आणि आमचे निवृत्त हेडमास्तर. गेल्या वर्षी आठ-दहा जण होतो, तेव्हा भाजी विकणारी मावशीसुद्धा वचनावर हुज्जत घालायची. आता ती भिंतीला टेकून गप्प बसते. प्रार्थनेचा काही विषय आहे का, म्हणून विचारलं तर मान हलवली. तिच्या मुलाचं काम सुटलंय, हे मला नंतर बाजारात दुसऱ्याच बाईकडून कळलं.

१५ जून, रविवार
उपासनेनंतर कमिटी बसली. गुरुवारचा वर्ग वाढवायचा कसा? सूचना आल्या : बॅनर, माइक, मुंबईचा वक्ता. मी म्हटलं, साहेब, वर्गाचे दोन वर्ग करा. "अहो बाई, आत्ता कुठे माणसं जमायला लागली, आणि तुम्ही पांगवायला निघालात?" माइकचा खर्च मंजूर झाला. बारा बाय चौदाच्या खोलीत माइक!

१६ जून, सोमवार
इंग्लंडमधल्या जॉन वेस्लीच्या मेथडिस्टांचे 'क्लास' कसे निघाले, ते रात्री पुन्हा वाचून काढलं. गोष्ट सुरू होते ती कर्जापासून. ब्रिस्टलमध्ये 'न्यू रूम' हे त्यांचं सभागृह बांधलं, त्याचे पैसे फेडायचे राहिले होते. १५ फेब्रुवारी १७४२ च्या बैठकीत कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थांनी सुचवलं, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. गरिबांना तेवढंही झेपणार नाही, असं कोणी म्हणताच ते म्हणाले, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. ज्याला जमणार नाही त्याची पेनी मी भरीन. मग इतरांनीही अशीच अकरा-अकरा माणसं वाटून घेतली. पेनी गोळा करायला दर आठवड्याला दारात जायचं, तर घरात काय चाललंय ते दिसणारच. कोण आजारी, कोण पुन्हा दारूकडे वळलाय, कुठे नवरा-बायकोचं वाजलंय. वसुलीपेक्षा हे मोठं काम आहे, हे वेस्लीने ओळखलं. पुढे घरोघर फिरण्यात फार वेळ जाऊ लागला. कित्येक जण दुसऱ्यांच्या घरी नोकर, तिथे मालक भेटू देईनात. म्हणून सगळ्यांना एकत्र बोलावू लागले. म्हणजे आधी दार, मग वर्ग. आम्ही वर्गापासून सुरुवात केली आणि दार राहूनच गेलं. ही पद्धत पुढे आपल्याकडेही पोचली. १८७१ च्या शेवटी मिशनरी विल्यम टेलर मुंबईत आला, तेव्हा तिथली मेथडिस्ट मंडळी अशाच घरांत जमणाऱ्या लहान गटांतून उभी राहिली.

१९ जून, गुरुवार
कोणी सांगत नाही, पण घरसभा बंद पडायचं एक कारण म्हणजे नाश्ता. एकीने पोहे केले की दुसरी ढोकळा करते, तिसरी समोसे मागवते, आणि चौथी म्हणते, आमच्याकडे नको हो, पाहुणे आहेत. आजपासून फक्त चहा-बिस्किट. रात्री साडेआठला सुरू, पावणेदहाला शेवटची प्रार्थना. सकाळी नळाला पाणी येतं, मुलांचे डबे असतात. उशिरापर्यंत चालणाऱ्या सभेला आत्म्याचं सामर्थ्य म्हणणारे बहुतेक पुरुष असतात.

२२ जून, रविवार
निवृत्तिनाथांची पालखी नगरवरून पंढरपूरकडे गेली. शेजारच्या काकू दरवर्षी वारीला जातात. एवढ्या गर्दीत हरवत नाही का, असं विचारलं तर म्हणाल्या, "माझी दिंडी ठरलेली आहे ना! मुक्कामाला मी दिसले नाही तर शोधतील." कवी ना. वा. टिळक तुकोबांच्या वाटेने ख्रिस्ताकडे आले, असं आपण अभिमानाने सांगतो. त्यांची भजनं उचलली; दिंडीची ही रीत मात्र नाही उचलली. आमचा व्हॉट्सॲप ग्रुप रोज सकाळी वचन पाठवतो, पण तीन गुरुवार न आलेल्या माणसाला फोन एकही जात नाही.

२६ जून, गुरुवार
पाळकसाहेबांना पुन्हा गाठलं. दुसरा गट चालवणार कोण, ही त्यांची अडचण. मी मावशीचं नाव घेतलं. "तिला शास्त्र कुठं येतं?" सोलमध्ये १९६४ साली पाळक योंगी चो आजारी पडले. म्हणून घराघरांतले गट स्त्रियांच्या हाती द्यायचं ठरलं, त्याला आधी विरोध झाला. पण पुढे जगभर गाजलेली त्यांची मंडळी या गटांवरच वाढली, हे मी साहेबांना सांगितलं. शिवाय मावशीला रोमकरांस पत्र शिकवायला कोण सांगतंय? रूथचं पुस्तक चार अध्यायांचं आहे. सासू, सून, दुष्काळ, शेतात सरवा वेचणं : यातलं तिला आपल्या दोघांहून जास्त कळतं. साहेब हसले. 'बघू' म्हणाले. त्यांचं 'बघू' म्हणजे अर्धा होकार.

३ जुलै, गुरुवार
आज दोन घरी बसलो. हेडमास्तरांकडे निम्मे, मावशीकडे निम्मे. मावशीने पहिला अध्याय अडखळत वाचला आणि थेट विचारलं, "नामी परत आली तेव्हा गावातल्या बायका काय काय बोलल्या असतील?" पुढची वीस मिनिटं मला तोंड उघडायची संधी मिळाली नाही. एक नवी सून बोलली, पहिल्यांदाच. मावशीने मुलाच्या नोकरीचा विषयही स्वतःहून सांगितला. एमआयडीसीत ओळख असलेला एक जण सोमवारी त्याला घेऊन जाणार आहे.

हेडमास्तरांचा रात्री फोन आला. त्यांच्याकडे तिघे आले नाहीत, म्हणून जरा नाराज होते. कोण कोण, ते विचारलं. दोन नावं त्यांना आठवली.