खिडकी कोणत्या बाजूची?

विद्यार्थी मित्रांनो, आगगाडीने लांब जायचे ठरले की तुम्ही कोणती तयारी करता? तिकिटे काढली, जेवणाचे डबे भरले, पांघरूण घेतले की झाली तयारी, असे आपल्याला वाटते. मलाही तसेच वाटत असे. माझी चूक कशी झाली आणि ती सुधारताना मी काय शिकले, ते आज तुम्हांला सांगते.

आम्ही सोलापूरचे. माझे अब्बा यंत्रमागावर चादरी विणत. त्यांच्या शेजारच्या मागावर ओडिशातला एक कारागीर होता. त्याचे गाव चिल्का सरोवराच्या काठी होते. तो नेहमी सांगे, "आमच्याकडे रेल्वे पाण्याच्या कडेने धावते. खिडकीतून पाहिले तर पलीकडचा काठ दिसत नाही!" अब्बांना ते खरे वाटत नसे. आमच्याकडे नळाला चार-चार दिवस पाणी येत नाही. ते हसून म्हणत, "एकदा येऊन पाहीन."

पुढे तो कारागीर गावी परतला. अब्बांचे जाणे मात्र राहून गेले. मग त्यांच्या डोळ्यांना काचबिंदू झाला. या आजारात बहुधा बाजूची नजर आधी कमी होते. समोरचे दिसते, पण कडेचे हरवत जाते. डॉक्टर म्हणाले, "औषधाच्या थेंबांनी आजार रोखता येईल, पण गेलेली नजर परत येणार नाही." त्या दिवशी मी ठरवले, आता उशीर करायचा नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी कोणार्क एक्सप्रेसची तिकिटे काढली. ही गाडी मुंबईहून सोलापूर, सिकंदराबाद, विशाखापट्टणम या मार्गाने भुवनेश्वरला जाते. वाटेत चिल्का सरोवर लागते. आणखी काय हवे? अब्बा, अम्मी आणि मी रात्री गाडीत बसलो. दुसऱ्या दिवशी राजमहेंद्रीला गोदावरीचा लांबच लांब पूल लागला. "ही आपल्या नाशिककडची गोदावरी!" असे मी म्हणताच अब्बांनी मान वळवून नदी डोळे भरून पाहिली.

आणि चिल्का? गाडी तेथे पोहोचली मध्यरात्रीनंतर! अब्बा झोपले नव्हते. खिडकीपाशी बसून ते बाहेर बघत होते. बाहेर नुसता काळोख होता. त्यांनी विचारले, "बेटा, गेले का सरोवर?" मला काय उत्तर द्यावे ते सुचेना. मी तिकिटावर गाडी सुटण्याची वेळ पाहिली होती, पोहोचण्याची वेळ पाहिली होती. ज्याच्यासाठी निघालो, ते सरोवर किती वाजता येते, हे मात्र पाहिलेच नव्हते.

भुवनेश्वरला मी वेळापत्रक आणि नकाशा घेऊन बसले. परतीची गाडी दुपारनंतर सुटणार होती. ती सरोवरापाशी संध्याकाळी पोहोचणार होती. येथे भूगोल कामाला आला. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात. चिल्का सोलापूरच्या पूर्वेला सुमारे नऊ अंशांवर आहे. म्हणजे तेथे सूर्य आपल्यापेक्षा अर्ध्या तासाहून अधिक आधी मावळतो. नोव्हेंबरचे दिवस लहान. गाडीला थोडा जरी उशीर झाला, तरी पुन्हा काळोख!

मग मी दुसरा बेत केला. सकाळच्या साध्या गाडीने ब्रह्मपूरपर्यंत जायचे आणि परतीच्या गाडीत तेथेच बसायचे. पण आरक्षण भुवनेश्वरपासून होते. ठरलेल्या स्थानकावर आपण चढलो नाही, तर आपली जागा दुसऱ्याला दिली जाऊ शकते. म्हणून आदल्या दिवशीच आरक्षण केंद्रात अर्ज देऊन चढण्याचे स्थानक बदलून घेतले. नकाशात पाहिले, तर ब्रह्मपूरकडे जाताना सरोवर डाव्या हाताला आणि डोंगर उजव्या हाताला होते. मी वहीत मोठ्या अक्षरांत लिहिले : डावी खिडकी.

सकाळच्या गाडीला गर्दी होती. डाव्या खिडकीपाशी एक मासळी विकणाऱ्या बाई बसल्या होत्या. त्यांची भाषा उडिया, आमची दखनी. मी अब्बांच्या डोळ्यांकडे बोट दाखवले आणि मग खिडकीकडे. त्या लगेच उठल्या आणि अब्बांचा हात धरून त्यांना आपल्या जागी बसवले.

बाळुगाव स्थानक मागे पडले आणि पाणी दिसू लागले. अब्बांनी आपला सगळा चेहरा खिडकीकडे वळवला. सूर्य समोर होता, म्हणून कपाळावर हात धरला. पाण्यात रोवलेल्या काठ्या, त्यांना बांधलेली जाळी, लहान होड्या, दूरवर पाण्यावर उतरलेले पक्षी. पलीकडचा काठ खरोखरच दिसत नव्हता.

मुलांनो, चिल्का हे साधे तळे नाही. नद्यांचे गोडे पाणी आणि समुद्राचे खारे पाणी येथे एकत्र येते. हिवाळ्यात दूरदेशीचे लाखो पक्षी येथे उतरतात. १९८१ साली या सरोवराला जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत स्थान मिळाले. पुढे गाळाने समुद्राकडची वाट अडली, खारेपणा कमी झाला आणि मासळी घटली. २००० साली समुद्राकडे नवे मुख खोदले, तेव्हा सरोवर सावरले. हजारो कोळी कुटुंबे त्यावरच जगतात.

रंभा स्थानक येईपर्यंत अब्बा काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तो खरेच सांगत होता. मीच उगाच हसत होतो."

आता अब्बांना पूर्वीपेक्षा कमी दिसते. पण घरी कोणी पाहुणा आला की ते त्या पाण्याविषयी सांगतात. काठ्या किती होत्या, होड्या कशा होत्या, सगळे सांगतात. मासळीवाल्या बाईंना तर ते कधीच विसरत नाहीत.

तुम्हीही कधी असा प्रवास आखाल. गाड्यांच्या वेळा बदलतात, म्हणून नवे वेळापत्रक पाहा. जे पाहायचे आहे ते किती वाजता येते, तेव्हा उजेड असेल का आणि ते कोणत्या बाजूला दिसते, हे आधी लिहून ठेवा. आणि गाडीत बसल्यावर एकदा आजूबाजूला पाहा. तुमच्यापेक्षा खिडकीची गरज अधिक असलेला कोणी शेजारी उभा असेल, तर त्याला जागा द्या.