शिवारातला शक्तिमान

बीड जिल्ह्यातल्या केजच्या काळ्या जमिनीवर एखादी जड वस्तू उभी करून विसरून गेलं, की जमीन तिला आत घ्यायला लागते. पावसाळ्यात ही माती फुगते, चैत्र-वैशाखात हात जाईल एवढ्या भेगा टाकून आकसते आणि वर्षानुवर्षांच्या या फुगण्या-आकसण्यात वरचं ओझं बोटाबोटानं खाली जातं. घराचा पाया इथे मुरूम लागेपर्यंत खणतात तो याच भीतीनं. आमच्या शिवारात दोन भावांच्या बांधावर एक ट्रक असाच जमिनीत उतरत चालला होता. चाकं रिमपर्यंत गाडलेली. हौद्याच्या कुजक्या फळ्यांतून बाभळ वर आलेली, चांगली मनगटाएवढी. केबिनमध्ये होल्यांची घरटी. लांबून पाहणाऱ्याला ते झाडोऱ्याचं टेकाड वाटायचं. जवळ गेलं की ते गोलसर, पुढे आलेलं नाक दिसायचं आणि ओळख पटायची. शक्तिमान!

आम्ही शाळेत असताना रस्त्यानं लष्कराचा ताफा निघाला की वर्ग ओस पडायचे. ताडपत्री चढवलेले हिरवे शक्तिमान ट्रक, एकामागून एक, ठरावीक अंतर राखून. फाळक्याशी बसलेला एखादा जवान हात हलवायचा आणि आम्ही तो हात दिसेनासा होईपर्यंत उभे राहायचो. देश हा शब्द पुस्तकातून बाहेर पडून रस्त्यानं जाताना मी पहिल्यांदा तेव्हा पाहिला. बांधावरच्या त्या गंजलेल्या नाकाकडे बघताना मला म्हणूनच इतका त्रास व्हायचा.

या ट्रकाचं कूळ जर्मनीतल्या ऑग्सबर्गपर्यंत जातं. तिथल्या कारखान्यात रुडॉल्फ डिझेल यांनी १८९७ साली आपलं इंजिन यशस्वीपणे चालवून दाखवलं. तोच कारखाना पुढे ‘मान’ या नावानं जगभर ओळखला जाऊ लागला. आपल्याकडे स्वातंत्र्यानंतर बरीच वर्षं सैन्याचा सगळा भार दुसऱ्या महायुद्धातून उरलेल्या शेवर्ले, फोर्ड, डॉज गाड्यांवर होता. गाड्या थकलेल्या, सुटे भाग साता समुद्रांपलीकडचे. व्ही. के. कृष्ण मेनन संरक्षणमंत्री असताना ‘मान’चा परवाना मिळाला आणि १९५९ साली जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीतून पहिला शक्तिमान बाहेर पडला. दहा वर्षांनी जबलपूरलाच स्वतंत्र वाहन निर्माणी उभी राहिली. १९९०च्या दशकाच्या मध्यापर्यंत हे ट्रक बनत राहिले. १९६५ आणि १९७१ या दोन्ही युद्धांत दारूगोळा, शिधा, पाणी, जखमी, जे न्यायचं ते यांनी नेलं. चारही बाजूंची चाकं ओढतात, म्हणून रस्ता संपला तरी यांचं काम संपत नसे.

मराठवाड्यानं हे ट्रक सर्वांत जवळून पाहिले ते १९९३ मध्ये. ३० सप्टेंबरची पहाट. गणपती विसर्जन करून माणसं झोपली होती आणि किल्लारी-सास्तूरकडची दगडमातीची घरं त्यांच्या अंगावर आली. भुईचा हादरा आमच्याकडेही लोकांना अंगणात घेऊन आला होता. लष्कर मदतीला धावलं. त्या काळात सैन्याचा बिनीचा मालवाहू शक्तिमानच होता. ढिगारा उपसणारे जवान लोकांच्या आठवणीत राहिले. त्यांना आणणाऱ्या गाड्या कुणी ध्यानात ठेवत नाही, आणि मला वाटतं, इथूनच हे विसरणं सुरू होतं.

सैन्यानं मोडीत काढलेल्या गाड्या लिलावात निघतात. आमचा शक्तिमान तसाच इकडे आला. थोरल्या भावाला मी पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो बराच वेळ ट्रकाकडे बघत राहिला आणि मग म्हणाला, “सर, दादांनी घेतलता लिलावात. आमच्याकडं वडलांना दादाच म्हणत्यात. लई माणसं हसली तव्हा. म्हणली, रणगाडाच का नाही आणला?”

हसणाऱ्यांची तोंडं पहिल्याच पावसाळ्यानंतर बंद झाली. मांजरा धरणाची भिंत धनेगावला, म्हणजे आमच्याच तालुक्यात. धरणाच्या आसपास ऊस वाढला तशी ऊस रानातून रस्त्यापर्यंत काढायची अडचणही वाढली. अवकाळी पाऊस झाला की ट्रॅक्टर गाळात बसायचे. शक्तिमान पुढची चाकं जोडून, कमी गिअरमध्ये, घोगरा आवाज करत तोच गाळ चिरत बाहेर यायचा. दिवाळीच्या तोंडावर ऊसतोडीला निघालेली बिऱ्हाडंही त्यानं वाहिली. पत्र्याच्या पेट्या, कोयते, ज्वारीची पोती, आणि सगळ्यांत वर बसलेली लेकरं. पुढे एका दुष्काळात दादांनी हौद्यात लोखंडी टाकी बसवली आणि ट्रक वाड्या-वस्त्यांवर पाणी वाटू लागला. धाकटा भाऊ सांगत होता, तो आवाज ऐकला की बाया आधीच घागरी घेऊन रांगेत उभ्या राहायच्या.

मग डिझेल पंप गेला. सुटा भाग मिळेना. दादा गेले. वाटणीत विहीर निम्मी-निम्मी झाली, गोठा थोरल्याकडे, विहिरीवरचं इंजिन धाकट्याकडे. ट्रक कुणाच्याच हिश्श्यात बसेना म्हणून बांधावर राहिला. मांजरा धरण कोरडं पडलं आणि २०१६च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. त्या उन्हाळ्यात वस्त्यांना पाणी देणारा हा गडी टाकीसकट बांधावर उभा होता.

भंगारवाला किलोच्या भावानं मागत होता. दोघा भावांनी तेवढ्याच पैशांत ट्रक तो वाचवायला निघालेल्या आम्हा मंडळींना दिला. अट एकच घातली. केबिनच्या कपाळावर दादांनी रंगवून घेतलेलं ‘योगेश्वरी प्रसन्न’ पुसायचं नाही. अट मी तेव्हा सहज मान्य केली. तिचं वजन नंतर कळलं.

काम वैशाखात काढलं. मृगाच्या आत ट्रक बाहेर आला नाही, तर पुढचं वर्षभर त्याच्यापर्यंत जाताही येणार नव्हतं. आमच्यात जुन्या गाड्यांचे एक मिस्त्री होते आणि सैन्यात ड्रायव्हर म्हणून नोकरी करून परतलेले एक हवालदार, ज्यांना गाव हवालदारसाहेब म्हणतं. बघायला आलेल्या पोरांची घाई चाललेली, जेसीबी बोलवा आणि ओढा. मिस्त्रींनी साखळीला हातच लावू दिला नाही. “चासी वाकडी झाली तर मंग काय देव्हाऱ्यात ठिवायची का?” म्हणाले. वर्षानुवर्षं उभ्या गाडीची ब्रेकची नाळं आतून ड्रमला चिकटलेली असतात, बेअरिंगमधलं ग्रीस वाळून खडा झालेलं असतं. तशीच ओढली तर चाक फिरत नाही, नांगरासारखं जमीन फाडत येतं आणि अॅक्सल तुटतो.

म्हणून खणलं. टिकाव-फावड्यानं चारी चाकं मोकळी केली. एकेक कोपरा जॅकवर उचलायचा, खाली लाकडी ठोकळे द्यायचे, पुन्हा थोडं उचलायचं. काळी माती जॅकलाही खाली घेते, म्हणून त्याच्या बुडाला जाड पोलादी पत्रा ठेवला. ड्रम उघडून नाळं सोडवली. बाभळीचा बुंधा करवतीनं कापला, पण मुळं कमान पाट्यांत अशी गुंतली होती की ती छिन्नीनं तोडावी लागली. दुसरीकडे इंजिनाची तयारी. सहाही नोझल काढून सिलिंडरमध्ये डिझेल आणि ऑइल सोडलं आणि मुरू दिलं. गंजलेल्या इंजिनाला सेल्फ मारणं किंवा गाडी ओढून ते फिरवणं हा त्याचा खून आहे. पिस्टन लायनरला धरून बसलेले असतात, जोर केला की रिंगा तुटतात. मिस्त्री रोज येऊन फ्लायव्हीलला टॉमी लावायचे, हलका दाब द्यायचे आणि कान देऊन ऐकायचे. एके दिवशी ते काही बोलले नाहीत, नुसता हात वर केला. फ्लायव्हील दातभर सरकलं होतं.

ट्रक बाहेर निघाला तो दोन ट्रॅक्टरांनी, समोरच्या चासीच्या हुकांना बांधून, चालण्याच्या गतीनं. थोरला भाऊ बैलाला घालतात तशी हाळी घालत शेजारून चालला होता. मला सांगायला संकोच वाटत नाही, मी रडलो.

त्यानंतरची गोष्ट माझ्या मते सगळ्यांत मोलाची. हवालदारसाहेब चिंधी घेऊन ट्रकाखाली शिरले आणि मागच्या डिफरन्शिअलवरची माती-ग्रीस पुसू लागले. खालून आवाज आला, “सर, या इकडं.” त्या काळ्या गोळ्यावर पांढऱ्या रंगाचा उरलेला तुकडा होता आणि वर एका छोट्या दिव्याची जागा. रात्री शत्रूच्या टापूत ताफा चालतो तेव्हा पुढचे दिवे बंद असतात. पुढच्या गाडीच्या पोटाखालचा तो मिणमिणता दिवा पांढऱ्या डिफरन्शिअलवर पडतो आणि मागच्या ड्रायव्हरला तेवढंच दिसतं. आकाशातून दिसत नाही, बाजूनं दिसत नाही. त्या पांढऱ्या ठिपक्यावर नजर ठेवून हवालदारसाहेबांनी रात्रीच्या रात्री गाडी चालवली होती. ते कितीतरी वेळ खालीच बसून राहिले.

मग रंग खरवडायला घेतला, ओल्या पॉलिशपेपरनं, हलक्या हातानं. वरचा निळा दादांचा. त्याखाली पिवळट. त्याखाली सैन्याचा हिरवा. बोनेटच्या कडेला बाण उमटला, वर टोक केलेला. सैन्याच्या गाडीचा नंबर या बाणानं सुरू होतो आणि पुढचे दोन आकडे तिचं सैन्यात आल्याचं वर्ष सांगतात. आमच्या बाणापुढे सात निघाला. त्यापुढचा आकडा गंजानं खाल्ला आहे.

इथे आमच्यात वाद झाला. तरुण मुलांना सगळा ट्रक हिरवागार हवा होता, जबलपूरहून नुकताच निघाल्यासारखा. त्यांचं प्रेम मला कळत होतं. पण केंद्रीय मोटार वाहन नियमांतला १२१वा नियम सांगतो, संरक्षण खात्याच्या गाड्या सोडून कोणत्याही वाहनाला ऑलिव्ह ग्रीन रंग देता येत नाही. दादांनी गाडी निळी केली ती हौसेनं असेल, पण हिरवी ठेवायची त्यांना मुभाच नव्हती. हा नियम माझ्या मते योग्य आहे. ज्यानं वर्दी घातली नाही त्यानं ती अंगावर मिरवू नये, हे गाडीलाही लागू आहे. आणि नियम नसता तरी मी हिरव्याला नाहीच म्हटलं असतं. हिरवा मारला की खालचं ‘योगेश्वरी प्रसन्न’ जातं, ऊस जातो, घागरींची रांग जाते. ट्रकानं सैन्यात जेवढी सेवा केली तेवढीच या दुष्काळी मुलखात केली. एक सेवा झाकून दुसरी उजळणं ही दुरुस्ती नव्हे.

म्हणून आम्ही ठरवलं ते असं. गंज थांबवायचा, रंग बदलायचा नाही. निळा तसाच राहील, त्यावर पारदर्शक लेप. बाण आणि सात जिथे उघडे पडले तिथे उघडेच. हौद्याला नव्या फळ्या, पण टाकीचे पट्टे जागच्या जागी. खाली पांढरा ठिपका पुन्हा रंगवायचा, तो हवालदारसाहेबांनी त्यांच्या हातानं. इंजिन हातानं पूर्ण फिरतं. पंप उघडून साफ केला आहे, काही भाग खराद्याकडून घडवून घ्यावे लागतील. ते मिळेपर्यंत ट्रक मुरमाच्या ओट्यावर, पत्र्याखाली उभा आहे.

अहिल्यानगरला रणगाड्यांचं संग्रहालय आहे, १९९४ सालचं. १९६५ला हस्तगत केलेले पॅटन तिथे आहेत, चिलखत चढवलेली जुनी रोल्स-रॉइस आहे. प्रत्येक मराठी माणसानं ते एकदा पाहावं. पण रणगाड्याला डिझेल आणि गोळे कुणी पोचवले, हा प्रश्न तिथून बाहेर पडताना मनात यायला हवा. ओझं वाहणाऱ्यांची स्मारकं आपण बांधत नाही. ऊसतोड्यांचा जिल्हा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बीडला तर हे कुणी सांगायला नको.

पन्नास वर्षांवरच्या जुन्या गाड्यांसाठी केंद्र सरकारनं जुलै २०२१मध्ये नियम केले, ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी नंबरमालिका दिली. चांगलं झालं. पण ते नियम खासगी वापराच्या दुचाकी आणि मोटारींचा विचार करून केलेले आहेत. मालवाहू ट्रकाला त्यात धड जागा नाही. ती द्यायला हवी. लोकप्रतिनिधींकडे आम्ही हेच मागणार आहोत, तुम्हीही मागा.

आणि तुमच्या शिवारात, एखाद्या बंद जिनिंगच्या आवारात किंवा गॅरेजमागच्या उकिरड्यावर असा गोल नाकाचा ट्रक रुतलेला असेल, तर भंगारवाल्याला बोलावण्याआधी एवढं करा. चासीवरचा नंबर कागद ठेवून पेन्सिलीनं उठवून घ्या. घरातल्या जुन्या पेटीत लिलावाची कागदपत्रं शोधा. ज्यानं तो चालवला तो म्हातारा हयात असेल तर त्याच्याजवळ बसून विचारा. आणि ओढू नका, आधी खणा.