ओरडलेलं सांगणारी ताई

पुण्यात पाळणाघर शोधणाऱ्या आईबापांना प्रवेशाच्या वेळी एक आश्वासन हवंच असतं: इथे मुलांवर कुणी ओरडत नाही ना? आणि ते तिथल्या तिथे मिळतंही. माझ्या मते इतकं निरुपयोगी आश्वासन दुसरं नसेल. दीड-दोन वर्षांची आठ-दहा मुलं सकाळपासून दिवे लागेपर्यंत सांभाळणारी बाई वर्षभरात एकदाही खेकसली नाही, यावर माझा विश्वास बसत नाही. ‘कधीच नाही’ या उत्तरातून पालकाला फार तर इतकंच कळतं, की इथे काही घडलं तर ते आपल्यापर्यंत येणार नाही. एखादी ताई संध्याकाळी मूल सोपवताना ‘आज जेवणाच्या वेळी माझा आवाज चढला, तो घाबरला होता, मग मी त्याला जवळ घेऊन माझं चुकलं म्हणाले’ असं सांगत असेल, तर मूल तिच्याकडे ठेवायला मी आधी तयार होईन.

ओरडणं किरकोळ आहे असा याचा अर्थ नाही. मिंग-ते वांग आणि सारा केनी यांचा 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला अमेरिकेतला अभ्यास आईवडिलांच्या कठोर बोलण्याचा होता. तेराव्या वर्षी घरात असं बोलणं सोसलेल्या मुलांमध्ये पुढच्या वर्षभरात वर्तनाच्या तक्रारी आणि नैराश्याची लक्षणं वाढलेली दिसली, आणि एरवीच्या मायेने तो परिणाम पुसला गेला नाही. ती मुलं मोठी होती, म्हणून ते निष्कर्ष जसेच्या तसे पाळण्यातल्या बाळाला लावता येणार नाहीत. पण किशोरवयीन मूल निदान दार आपटून निघून जाऊ शकतं. दोन वर्षांच्या मुलाला तीही सोय नाही. लहानग्यांबद्दल एडवर्ड ट्रॉनिक यांचं काम जास्त बोलकं आहे. त्यांनी आई आणि तान्हं बाळ यांचे एकमेकांना मिळणारे प्रतिसाद बारकाईने तपासले. निरोगी, प्रेमळ जोड्यांचेही सूर बराच वेळ जुळलेले नसतात, असं त्यांना आढळलं. तुटलेला धागा पुन्हा जुळतो का, आणि तो कोण जुळवतं, यावर बाळाचा भरवसा उभा राहतो. म्हणजे ताईने मुलाकडे परत जाणं हा सांभाळण्याच्या कामाचाच भाग आहे.

‘मुलांची माफी मागितली तर ती डोक्यावर बसतील’ हे आपल्याकडचं नेहमीचं उत्तर. गिजुभाई बधेका यांनी 1920 मध्ये भावनगरला बालमंदिर काढलं, ताराबाई मोडक त्या कामात सामील झाल्या आणि पुढे 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला बालशिक्षणाचं काम उभं केलं. शिक्षेविना मुलं शिकतात, हे या मंडळींनी आपल्याच मातीत दाखवून दिलेलं आहे. तेव्हा मोठ्यांचा वचक सुटला की सारं कोसळतं, ही भीती निदान महाराष्ट्राने तरी बाळगू नये.

याहून वजनदार आक्षेप असा, की कबुलीला मान दिला तर ओरडण्याची सवयच लागेल. मला पुरावा उलट दिशेने जाताना दिसतो. एमी एडमंडसन यांनी 1990 च्या दशकात रुग्णालयांतल्या परिचारिकांच्या गटांमधल्या औषधांच्या चुका मोजल्या. चांगल्या गटांत चुका कमी निघतील असं त्यांना वाटलं होतं. नोंदी निघाल्या जास्त. तिथल्या परिचारिका चूक सांगायला घाबरत नव्हत्या, असा त्याचा उलगडा झाला. जिथे धाक होता तिथली वही कोरी राहिली. पाळणाघरात असा धाक सध्या कॅमेऱ्याचा आहे. नोव्हेंबर 2016 मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेली मारहाण सीसीटीव्हीमुळेच उघड झाली, म्हणून कॅमेरा काढा असं मी म्हणणार नाही. फक्त त्याची मर्यादा ओळखावी: अनेक कॅमेऱ्यांत आवाजच टिपला जात नाही. चापट दिसते, दरडावणं दिसत नाही. ते कळायचं तर ताईनेच सांगायला हवं.

अर्थात, कबुलीचं हे माप सगळ्याला लावून चालणार नाही. मारणं, कोंडणं, उपाशी ठेवणं याला ‘सॉरी’ हे उत्तर नव्हे. बाल न्याय अधिनियम 2015 चं कलम 75 अशा क्रौर्याला लागू होतं आणि मूल सांभाळणाऱ्या संस्थेतल्या माणसाला त्यात पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. लैंगिक अत्याचाराची बाब तर पोक्सो कायद्याखाली कळवावीच लागते. संचालिकेने ती आपापसात मिटवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. पण चढलेल्या आवाजाची कबुली देणाऱ्या बाईला त्याच संध्याकाळी कामावरून काढलं, तर तिची सहकारी पुढच्या वेळी याहून मोठी गोष्टही लपवील. मुलांच्या सुरक्षिततेचा खरा तोटा तिथे होतो.

आता आवाज चढतो कधी, हेही पाहावं. राष्ट्रीय पाळणाघर योजनेत 25 मुलांमागे एक सेविका आणि एक मदतनीस धरलेली होती, आणि त्यांचं मानधन महिन्याला 3000 आणि 1500 रुपये. सरकारचाच हिशेब असा होता, तर कोथरूड-कर्वेनगरात घरच्या दोन खोल्यांत पाळणाघर चालवणाऱ्या काकूंकडून आपण नेमकी कोणती शांती अपेक्षितो? अंगणवाडी सेविका निदान संघटित आहेत. 4 डिसेंबर 2023 पासून राज्यभर संप करून त्यांनी आपलं म्हणणं सरकारच्या कानावर घातलं. खासगी पाळणाघरातल्या ताईला अशी संघटना नाही, तिचं ऐकायला समोर फक्त पालक असतात. आणि हिंजवडीच्या वाहतूक कोंडीत अडकलेले पालक अर्धा-पाऊण तास उशिरा येतात तेव्हा मुलं पेंगुळलेली, भुकेली आणि ताई थकलेली असते. त्या वेळेपुरती दुसरी बाई ठेवली तर निम्मी खेकसाखेकस थांबेल असा माझा अंदाज आहे. पण त्यासाठी फी वाढवायचं नाव काढलं, की शेजारच्या सोसायटीतल्या पाळणाघराचे दर काकूंना ऐकवले जातात.